मामाकडे गेलेल्या मुली

त्या साली बोरं उशिरा पिकली. झाओगोउच्या डोंगरउतारावर थंडीचे वारे सुरू झाले तरी झाडं लालच होती आणि प्रत्येक अंगणात चटयांवर बोरं वाळत पडलेली. लानयिंगने मात्र त्या दिवशी सकाळीच आपली बोरं ओढून एका कोपऱ्यात ढीग घातला, अंगण दोनदा झाडलं आणि खिडकीच्या चौकटीवर नवा पांढरा कागद चिकटवला. तिच्या मुलासाठी, वानशुनसाठी, पाहिलेली मुलगी घर बघायला येणार होती.

घर बघायला आलेले पाहुणे आमच्याकडे तोंडाने हो किंवा नाही म्हणत नाहीत. मध्यस्थ बाई असते, पण तिलाही कोणी काही सांगत नाही. पाहुणे जेवायला बसले की ठरलं. नुसतं गरम पाणी पिऊन उठले की मोडलं. म्हणून लानयिंगने चिकट राळ्याच्या पिठाचे वडे तळायला घेतले होते, बटाटे किसले होते, घरातल्या सगळ्यात जुन्या व्हिनेगरची बरणी उघडली होती. नवरा खाणीवर होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. वानशुन नवं जाकीट घालून अंगणात उगीचच फेऱ्या मारत होता.

आणि धाकट्या छिनछिनला लपवून ठेवायचं होतं.

छिनछिन तेरा वर्षांची. जन्मली तेव्हाच कमरेच्या खाली, कण्यावर, मऊ फुग्यासारखा उंचवटा घेऊन आली होती. पाय आत वळलेले. भिंत धरून चालायची, पण लघवी झालेली तिला कळायची नाही. अशा पोरांना गावात ‘उघड्या पाठीचं’ म्हणत, तेही आवाज खाली आणून. लानयिंगला तेरा वर्षांत कोणी तोंडावर काही विचारलं नव्हतं. विचारलंच तर उत्तर तयार होतं: पोर मामाकडे असते, तिकडची हवा बरी आहे.

डोंगरात कोरलेल्या तीन खोल्यांपैकी शेवटची धान्याची. लानयिंगने पोरीला तिथे नेलं.

“किती वेळ?” छिनछिनने विचारलं.

“त्यांचं जेवण होईपर्यंत.”

“म्हणजे आज मी मामाकडे.”

“हो.”

“मामाकडे आज गार आहे. एक वाकळ दे.”

लानयिंगने वाकळ दिली, मूठभर बोरं दिली आणि बाहेरून कडी लावली. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती हाताने धरून हळूच सरकवली. इतक्या वर्षांत तिला ते चांगलं जमलं होतं.

पाहुण्या आल्या तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. पुढे वू मावशी, मध्यस्थ. गावातली अर्धी लग्नं तिने जुळवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांबद्दल तिला वाईट वाटत असे. मागे मुलीची आई ग्वोबाई, उंच, हाडकुळी, डोक्याला तपकिरी रुमाल. तिच्या मागे मुलगी, ऐलिंग. ती मान खाली घालून आली नाही, सरळ बघत आली. वानशुनने जाकिटाची चेन वर ओढली, मग खाली ओढली.

“बघा हो विहीणबाई,” वू मावशी म्हणाली, “दक्षिणेला तोंड. हिवाळाभर ऊन आत.”

“अजून विहीण झाले नाही,” ग्वोबाई म्हणाली.

“जीभ माझी म्हातारी झाली, घाई करते.”

सगळ्या हसल्या. ग्वोबाईने खांगच्या, खालून धूर फिरवून ऊब दिलेल्या झोपायच्या ओट्याच्या, तापल्या विटांवर हात ठेवून पाहिला, छतावरचा धूर पाहिला, पिठाच्या रांजणांवरची झाकणं उचलून पाहिली. लानयिंग तिच्या मागे मागे. सगळं ठीक चाललं होतं. वड्यांचा वास सुटला होता.

तेवढ्यात कचेरीच्या खांबावरचा कर्णा खरखरला आणि गावच्या सेक्रेटरीचा आवाज दरीभर पसरला. प्रांताच्या शहरातून डॉक्टर आले आहेत. अठरा वर्षांच्या आतली, पाठ किंवा पाय जन्मापासून अधू असलेली पोरं शाळेत आणावीत. कोणाला दंड नाही. कोणाचं पोर कोणी नेणार नाही. फक्त मोजायचं आहे.

सकाळपासून ते तिसऱ्यांदा होतं. लानयिंगने सकाळीही कान बंद केले होते. फक्त मोजायचं, असं म्हणत लोक पूर्वीही आले होते. डुकरं मोजली, मग डुकरं गेली. पोरं मोजली, मग दंड आला. मोजून घेणं कुणाला कधी लाभलं होतं?

“आमच्या गावात तसलं काही नाही हो,” वू मावशी घाईने म्हणाली. “शहरातल्यांना काम नाही. चला, खांगवर बसा.”

ग्वोबाई बसली नाही. ती चुलीजवळ उभी होती. तिथे खांगच्या कडेला कापडावर पिवळी माती पसरली होती, पिठासारखी बारीक, आणि शेजारी घोड्याच्या केसांची चाळणी. लानयिंगने सगळं घर आवरलं होतं. ही माती तेवढी राहिली होती, कारण ती तिच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. रोज सकाळी माती आणायची, चाळायची, विटांवर तापवायची, कापडी पिशवीत भरून लघवी शोषायला पोरीच्या खाली घालायची. श्वास कधी कोणाला दिसतो?

“घरात तान्हं मूल आहे?” ग्वोबाईने विचारलं.

“नाही. कोंबडीची पिल्लं आहेत, त्यांच्या खाली घालायला.”

“पिल्लांसाठी कोणी घोड्याच्या केसांच्या चाळणीने माती चाळत नाही, ताई.” ग्वोबाईने खाली वाकून मातीत बोटं घातली. “आणि तापवत नाही. ही आजची आहे.”

वू मावशीने खोकून पाहिलं. वानशुन दारात थिजला. लानयिंगला वाटलं आता ही रुमाल सारखा करेल आणि निघेल. वडे कढईत काळे पडायला लागले होते, ते काढायला हात पुढे होईना. ऐलिंगनेच झारा घेऊन ते काढले.

“किती मोठं आहे पोर?” ग्वोबाई म्हणाली.

“पोरगी आहे. तेरा वर्षांची. मामाकडे असते.”

“ताई, माती गरम आहे.”

लानयिंग खांगच्या कडेवर बसली.

“मला एक मुलगा होता,” ग्वोबाई म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही, जणू ती पावसाबद्दल बोलत होती. “नाव शिथौ ठेवलं. दगड. दगड टिकतो म्हणतात. सात वर्षं चाळली मी माती. माझ्या नवऱ्याच्या भावालाही माहीत नव्हतं पोराच्या पाठीत काय आहे. छातीचा आजार आहे, असं सांगत होतो. शेवटी मूत्रपिंडं गेली त्याची.”

मग लानयिंगच्या तोंडून जे निघालं ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

“पोटात होती तेव्हा खांगची धुराची वाट तुंबली होती. मी स्वतः विटा फोडून साफ केली. सासू म्हणाली, तू घराची पाठ फोडलीस, म्हणून पोराची फुटली.”

“असं म्हणाली?”

“मरेपर्यंत म्हणत होती.”

“माझ्या सासूने मला नऊ महिने सुई धरू दिली नाही,” ग्वोबाई म्हणाली. “भिंतीत खिळा नाही, अंगणात कुदळ नाही, माझ्यासमोर कोणी लाकूडसुद्धा फोडलं नाही. सगळं पाळलं. तरी तसाच झाला.”

लानयिंग तिच्याकडे बघत राहिली. तेरा वर्षं ज्या विटा तिच्या छातीवर होत्या त्या कोणीतरी उचलल्या होत्या, पण खाली मोकळं वाटत नव्हतं. विटा नाहीत, तर मग काय?

“उघडा दार,” ग्वोबाई म्हणाली.

वानशुननेच कडी काढली. छिनछिन वाकळीत बसली होती, पुढ्यात बोरांच्या बियांची रांग लावलेली.

“जेवण झालं?” तिने विचारलं, आणि मागे उभ्या पाहुण्या बघून वाकळ पायांवर ओढली.

ऐलिंग आत जाऊन तिच्याशेजारी टेकली. “नाही झालं. बाहेर सगळे उपाशी आहेत. तू तरी बोरं खाल्लीस.”

“किडकी निघाली अर्धी.”

“चांगली निवडून पाहुण्यांना ठेवली असतील.”

छिनछिन हसली. लानयिंगने तोंड फिरवलं.

अंगणात वू मावशी ग्वोबाईची बाही धरून उभी होती. “बाई, दोन्ही घरांत एकच दुःख. आता तर कोणी कोणाला नावं ठेवायला नको. बसा जेवायला.”

“एका घरात असतं तर मी तोंड बंद ठेवून मुलगी दिली असती,” ग्वोबाई म्हणाली. “यांच्याकडे असतं आणि माझ्याकडे नसतं, तर दिली असती. दोन्हीकडे आहे, मावशी. दोन्हीकडचं एकत्र आलं तर नातवाच्या पाठीचं काय होईल?”

“ते देवाला माहीत.”

“देवाला मी सात वर्षं विचारलं. शाळेत डॉक्टर आलेत म्हणतात. त्यांना विचारू.”

शाळा खालच्या अंगाला, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर. पण नाही म्हटलं, तर ही बाई आता पायऱ्या उतरून जाईल हेही तिला दिसत होतं. वानशुनने विचारलंच नाही. त्याने हातगाडी काढली, तळाला पेंढा घातला आणि बहिणीला उचलून ठेवलं.

मोठ्या रस्त्याने गाडी निघाली. बोरं वाळवणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. लानयिंगने मान खाली घातली होती. छिनछिनने मात्र गाडीची कड धरून सगळीकडे पाहून घेतलं. ही चक्की, हे देवळाचं दार, हा सेक्रेटरीचा नवा बंगला. एवढं मोठं होऊन तिने आपलं गाव उजेडात असं कधी पाहिलं नव्हतं.

लानयिंगला वाटलं होतं शाळा रिकामी असेल. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या दऱ्यांतून गाढवांच्या गाड्या आल्या होत्या. आयांच्या पाठीवर मोठी मोठी पोरं. बाकावर एक मिसरूड फुटलेला मुलगा, खाली मऊ गादी घेतलेला. एका म्हाताऱ्याच्या मांडीवर मोठ्या डोक्याचं बाळ. लघवीचा आणि गरम मातीचा ओळखीचा वास वर्गभर होता. तो आजवर फक्त आपल्याच घरात येतो, असं लानयिंग समजत होती. खोलीतली प्रत्येक बाई तसंच समजत आली होती, आणि प्रत्येकीच्या तोंडावर तेच लिहिलं होतं.

खिडकीजवळ दुआन वहिनी उभी होती. लानयिंगच्या घराच्या वर, तिसऱ्या टप्प्यावर तिचं घर. शेजारी तिची सुईनी, पंधरा वर्षांची, दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून.

दोघी बायांची नजरानजर झाली.

“तुमची मावशीकडे होती ना?” लानयिंग म्हणाली.

“तुमची मामाकडे होती ना?” दुआन वहिनी म्हणाली.

मुलींनी एकमेकींच्या पायांकडे पाहिलं.

“तुझा कुठला जोडा झिजतो?” सुईनीने विचारलं.

“डावा. बाहेरून.”

“माझे दोन्ही. बाबा ओरडतो.”

“तू वरच राहतेस? रोज गाणं म्हणतेस ती तूच?”

“ऐकू येतं?” सुईनी लाजली. “मला वाटायचं खाली कोणी नाही.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळे दमलेले. छिनछिनची पाठ त्यांनी बोटांनी हळूहळू चाचपली, पोट दाबून पाहिलं, पायाच्या तळव्याला टाचणी लावून विचारलं, कळतंय का. मग कागदावर काहीतरी लिहून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “मूत्रपिंडावर ताण आहे. हिवाळ्याआधी हिला शहराच्या दवाखान्यात आणा. उशीर करू नका. लघवी वेळेवर नळीने काढायला शिकवतील. ते केलं तर बरीच वर्षं काढेल. नाही केलं तर…”

ग्वोबाईने मान हलवली. ते पुढचं तिला ऐकायचं नव्हतं.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “माझा एक प्रश्न आहे. त्यांच्या घरात ही, आमच्या घरात एक होता. त्यांच्या मुलाला माझी मुलगी दिली तर?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “या डोंगरांत हे जेवढं आहे तेवढं मी कुठेच पाहिलं नाही. सकाळपासून प्रत्येक जण मला सांगतो, आमच्याच घरात आहे. तुम्ही कुठल्याही घरात मुलगी दिलीत तरी जवळच्या-लांबच्या नात्यात हेच निघेल. रक्तात थोडं असतं. पण जास्त आहे ते खाण्यात. तुमच्याकडे हिवाळाभर काय खातात?”

“बटाटे. आंबवलेला कोबी. राळं.”

“हिरवं काही?”

बाया एकमेकींकडे बघून हसल्या. हिवाळ्यात हिरवं म्हणजे सेक्रेटरीच्या बंगल्याचा रंग, असं कोणीतरी मागून म्हणालं.

डॉक्टरीणबाईंनी एक छोटी बाटली पुढे केली. “रोज एक गोळी. पण दिवस राहायच्या आधीपासून. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्याच महिन्यात मिटून बंद होतो. बाईला स्वतःला कळायच्या आत.”

“आमच्याकडे तीन महिने कोणाला सांगत नाहीत,” वू मावशी म्हणाली. “गर्भाला नजर लागते.”

“म्हणूनच आम्ही पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.”

दुआन वहिनीने बाटली हातात घेऊन उलटीपालटी केली. “अशाच गोळ्या कुटुंब नियोजनवाली वाटते. मागच्या वर्षी सगळ्या सुनांना दिल्या. आमच्याकडे डुकराला घातल्या.”

“का?”

“ती बाई पोरं बंद करायच्या गोळ्या वाटते. पोर चांगलं व्हावं म्हणून ती कशाला देईल?”

त्यावर कोणी हसलं नाही.

ग्वोबाईने विचारलं, “ही गोळी घेतली तर होणारच नाही, असं लिहून द्याल?”

“नाही देऊ शकत. पुष्कळ कमी होतं. पण होणारच नाही, असं मी म्हणणार नाही.”

“खरं बोललात, बरं केलंत.”

शाळेच्या फाटकाशी ग्वोबाई थांबली. रुमाल सोडून पुन्हा बांधला. लानयिंगला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, तरी ती उभी राहिली.

“ताई, तुमचं घर चांगलं आहे. मुलगा चांगला आहे. तुम्हाला मी दोष देत नाही, मी पण छातीचा आजार म्हणून सांगतच होते. पण माती चाळताना हात कसे होतात ते मला माहीत आहे. माझ्या पोरीच्या हातात ती चाळणी मला बघवणार नाही.”

“मला विचारशील, आई?” ऐलिंग म्हणाली.

“तुला काय विचारायचं. तो गेला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस.”

“नऊ वर्षांची होते, म्हणून मीच त्याला पाठीवर घेऊन फिरत होते. तू माती चाळायचीस, वास माझ्या कपड्यांना यायचा.”

ऐलिंगने आईकडे पाहिलं, मग वानशुनकडे. तिने डॉक्टरांची बाटली खिशात टाकली होती, ती बाहेर काढून पाहिली आणि परत ठेवली.

“या गोळ्या मी घेते,” ती म्हणाली.

“लग्नच नाही, तर गोळ्या कशाला?” वानशुनने विचारलं. दिवसभरात त्याने तिच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य.

“लग्न कुठेतरी होईलच ना.”

त्या दोघी वरच्या रस्त्याने गेल्या. वू मावशी त्यांच्या मागे काही पावलं गेली, मग परत फिरली, मग कोणाकडेच न जाता आपल्या घरी गेली.

घरी वडे थंड होऊन दगड झाले होते. लानयिंगने ते पुन्हा तेलात सोडले, टाकून देणं जीवावर आलं म्हणून. छिनछिनला तिने खांगच्या मधोमध, पाहुण्यांच्या जागी बसवलं. ते ठरवून केलं नव्हतं. चटई तिथेच अंथरलेली होती.

वानशुन उंबऱ्यावर बसला होता. जाकीट काढून मांडीवर घेतलेलं.

“हिला लपवलं नसतं तर?” तो म्हणाला.

“तर त्या आल्याच नसत्या.”

“आल्या म्हणून काय झालं?”

लानयिंगने कढईतला वडा उलटवला.

“मला राग आलाय, आई. कोणाचा ते कळत नाही.”

“माझा धर. मला सवय आहे.”

त्याने मान हलवली. आतून छिनछिन म्हणाली, “माझाही धरलास तरी चालेल, दादा. पण वडा खा आधी. बरा झालाय.”

तो उठला नाही. मग म्हणाला, “सोमवारी खाणीचा ट्रक शहराकडे जातो. ड्रायव्हर ओळखीचा आहे. पुढे दोन माणसं बसतात.”

लानयिंगने कढईवरून मान वर केली. शहर तिने दोनदा पाहिलं होतं. तिथे दवाखान्यात कुठल्या दाराने आत शिरायचं, नळी म्हणजे काय, पोरीला ती दुखेल का, हिवाळ्यात रस्ता बंद झाला तर परत कसं यायचं, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. आणि वानशुनसाठी आता दुसरं घर शोधायचं, तर वू मावशी तोंड तरी उघडेल का, तेही माहीत नव्हतं. उद्या सकाळपर्यंत खालच्या दरीत सगळ्यांना कळलेलं असणार.

तेवढ्यात वरून हाक आली. डोंगरात बाया अशाच बोलतात, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर, पूर्ण गळ्याने. सुनेची उणीदुणी, मिठाची उसनवारी, सगळं दरीभर ऐकू जातं. पण ही हाक आजवर कधी आली नव्हती.

“लानयिंग,” दुआन वहिनी वरून ओरडत होती, “तुझ्या पोरीला शहरात केव्हा नेतेस? आमच्या सुईनीचीही मूत्रपिंडं खराब आहेत म्हणतात.”

खालच्या अंगणात बोरं चाळता चाळता कोणीतरी थांबलं. लानयिंगचा हात आपोआप वर गेला, गप्प कर म्हणायला. तो तसाच अर्ध्यावर राहिला. मग ती अंगणाच्या कडेला गेली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली, “सोमवारी. ट्रकमध्ये जागा दोनच आहेत. पण पोरी बारीक आहेत, मांडीवर घेऊ.”